औषधी स्टेंटच्या आत पुन्हा ब्लॉकेज: नेमकं काय वाढलंय आणि ते पाहायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६२ वर्षांचे, गंगाखेडजवळ शेती, मधुमेह जुना. साडेतीन वर्षांपूर्वी हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत, म्हणजे एलएडीत, औषधी स्टेंट (औषधाचा लेप असलेली धातूची बारीक जाळी) बसवला. अलीकडे चढाला किंवा भराभर चालताना छातीत दडपण येतं, थांबलं की जातं. नव्या अँजिओग्राफीत त्याच स्टेंटच्या आत ८० टक्के अडथळा दिसला. डॉक्टर म्हणतात, आधी ओसीटी (धमनीच्या आतून प्रकाशाने प्रतिमा घेणारी तपासणी) करून आतून पाहू, मग काय करायचं ते ठरवू. तुम्ही विचारता: स्टेंट बोगस होता का? ‘आत मांस वाढलंय’ असं सांगितलं, म्हणजे नेमकं काय वाढलं? आणि अँजिओ झालेली असताना वर ओसीटीचा खर्च कशासाठी?

बोगस असल्याची शंका आपल्याकडे लगेच येते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, तेव्हापासून तर ‘स्वस्तातली स्प्रिंग बसवली’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून कायम ऐकतो. त्याआधी हेच स्टेंट लाखाच्या पुढे विकले जात होते. किंमत उतरली ती सगळ्याच कंपन्यांची, त्यामुळे त्यावरून दर्जा ठरवता येत नाही. आजच्या चांगल्यातल्या चांगल्या स्टेंटमध्येही पहिल्या वर्षानंतर दरवर्षी साधारण १ ते २ टक्के रुग्णांमध्ये त्या जागी काहीतरी बिघडतं, आणि वर्षं उलटली म्हणून हा धोका संपत नाही. मधुमेह असेल तर तो वाढतो. तेव्हा हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्या वडिलांच्या उपचाराची दिशा ठरवणारा खरा प्रश्न वेगळा आहे: ती जागा अरुंद झाली ती जाळी पुरती उघडलीच नव्हती म्हणून, की उघडलेल्या जाळीत आतून काही वाढलं म्हणून? आणि वाढलं असेल तर ते कशाचं बनलंय?

अँजिओग्राफीला हे कळत नाही. अँजिओत आपण रक्तात रंग सोडतो आणि त्या रंगाची सावली पाहतो. विहिरीत वरून डोकावलं तर पाणी किती उरलंय ते कळतं, कड्याच्या दगडामागून माती ढासळतेय का ते कळत नाही, तसंच हे. ८० टक्के म्हणजे वाट किती उरली एवढंच. ती कशाने अडली हे त्या आकड्यात नसतं. आमच्या व्याख्येत स्टेंटच्या आत किंवा त्याच्या दोन्ही टोकांपासून ५ मिलिमीटरच्या आत ५० टक्के किंवा जास्त अरुंदपणा आला की त्याला रीस्टेनोसिस म्हणतात. एवढ्या एका नावाखाली निदान चार-पाच वेगळे आजार दडलेले असतात.

आता ‘मांस वाढतं’ याबद्दल. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा फुग्याने हृदयाची धमनी उघडली. फुगा काढला की धमनी पुन्हा आकसायची, म्हणून १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये आतून आधार देणारी धातूची जाळी वापरात आली. आकसणं थांबलं, पण एक नवीनच अडचण उभी राहिली. धमनीच्या आतलं नाजूक अस्तर फुगवताना खरवडलं जातं. तिथे प्लेटलेट आणि फायब्रिन (गुठळीचे धागे) जमतं, सूज येते, आणि भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी जाळीच्या तारा ओलांडून आत येतात, वाढतात, भोवती चिकट द्रव्य आणि कोलॅजन टाकतात. त्वचेवर जखम भरताना व्रण जाड व्हावा तसाच हा प्रकार, फक्त इथे जागा ३ मिलिमीटरची. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये दर १०० पैकी २० ते ३० जणांना हे होत असे, आणि ते बहुतेक ६ ते ९ महिन्यांच्या आत. वर्षभर ठीक गेलं की आम्ही निर्धास्त व्हायचो.

मग जाळीवर औषध आलं. सिरोलिमस हे औषध ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं, आणि ते शोधून जिद्दीने टिकवणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल मूळचे आपल्याच उपखंडातले. ही गोष्ट मला सांगायला आवडते. हे औषध पेशीचं विभाजन सुरुवातीलाच अडवतं. अमेरिकेत असा स्टेंट २००३ मध्ये मंजूर झाला आणि रीस्टेनोसिसचं प्रमाण एकदम खाली आलं. पण औषधाचा बहुतेक भाग पहिल्या तीन-चार महिन्यांत सुटून जातो. पुढे जाळी तिथेच राहते, काही स्टेंटवर औषध धरून ठेवणारा पॉलिमरचा लेपही राहतो. शिवाय जे औषध स्नायूपेशींना थोपवतं तेच चांगलं अस्तर परत येण्यालाही उशीर लावतं. अस्तर येतं, पण कच्चं. त्याच्या पेशींमधले सांधे सैल असतात, आणि त्यातून रक्तातलं कोलेस्टेरॉल आत झिरपतं.

इथेच औषधी स्टेंटमधलं ‘मांस’ साध्या स्टेंटपेक्षा वेगळं पडतं. साध्या स्टेंटमध्ये ते स्नायूपेशींनी भरलेलं, एकजीव असतं. औषधी स्टेंटमध्ये पेशी त्यामानाने कमी, प्रोटिओग्लायकन नावाचं पाणीदार, चिकट द्रव्य जास्त, कुठे तारांभोवती जुनं फायब्रिन किंवा सूज. आणि काही वर्षांनी त्याच नव्या थरात पुन्हा चरबी साचू लागते. चरबी गिळून फुगलेल्या फेसाळ पेशी येतात, मऊ चरबीचा गाभा तयार होतो, कधी कॅल्शियम जमतं. मूळ आजारच जाळीच्या आत नव्याने सुरू होतो. याला निओअथेरोस्क्लेरोसिस म्हणतात. पॅथॉलॉजिस्ट रेणू विरमाणी यांच्या गटाने मृत्यूनंतर तपासलेल्या स्टेंटचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात औषधी स्टेंटपैकी ३१ टक्क्यांमध्ये हा बदल सापडला, साध्या स्टेंटपैकी १६ टक्क्यांमध्ये. त्याहून बोलका आकडा काळाचा: ज्या स्टेंटमध्ये हा बदल होता त्यांचं मध्यक वय औषधी स्टेंटमध्ये ४२० दिवस, साध्यांमध्ये २,१६० दिवस. ते स्टेंट पहिल्या पिढीतले होते. आताच्या स्टेंटच्या तारा बारीक, ६० ते ८० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि लेपही सुधारलाय. तरीही हा बदल नाहीसा झालेला नाही. तुमच्या वडिलांना साडेतीन वर्षांनी त्रास सुरू झाला, म्हणून माझ्या मनात ही शक्यता वर येते. खात्री मात्र पाहिल्याशिवाय देता येत नाही.

पाहायचं कसं? जिवंत माणसाच्या हृदयाच्या धमनीतून तुकडा काढून तपासायला कोणी पाठवत नाही. म्हणून आतून प्रतिमा घ्यायच्या. दोन साधनं आहेत. आयव्हस ध्वनिलहरी वापरतं, खोलवर पाहतं, पण बारकावा साधारण १०० ते १५० मायक्रॉनपर्यंतच. ओसीटी अवरक्त प्रकाश वापरतं, १ ते २ मिलिमीटरपेक्षा खोल जात नाही, पण १० ते २० मायक्रॉनपर्यंतचा फरक दाखवतं. जाळीची एकेक तार मोजता येते, आणि तारांवर साचलेल्या थराचा पोतही दिसतो.

ओसीटीच्या पडद्यावर तीन ढोबळ चित्रं दिसतात. पहिलं, सगळीकडे सारखं उजळ: तिथे बहुधा स्नायूपेशी आणि कोलॅजन. दुसरं, डागाळलेलं, कुठे उजळ कुठे अंधारलेलं. तिसरं, थरांचं: आतल्या बाजूला उजळ पट्टा आणि तारांभोवती काळसर पट्टा. औषधी स्टेंटमध्ये दुसरं आणि तिसरं जास्त भेटतं. चरबी असेल तर अंधारलेला भाग कडेला विरत जातो. कॅल्शियम असेल तर त्याची कड चाकूने कापल्यासारखी स्पष्ट असते. चरबीवरचं आवरण पातळ झालंय का, त्याला चीर पडलीय का, गुठळी चिकटलीय का, हेही कळतं. कधी बारीक काळी भोकं दिसतात. त्या नव्या रक्तवाहिन्या असतात आणि थर अजून धगधगतोय याची खूण म्हणून मी त्यांच्याकडे पाहतो.

इथे एक सावधगिरी, कारण अहवालातला शब्द वाचून लोक घाबरतात. ओसीटी म्हणजे सूक्ष्मदर्शक नव्हे. काळसर दिसणारा भाग चरबी असू शकतो, प्रोटिओग्लायकन असू शकतो, जुनी गुठळी मुरलेली असू शकते, किंवा पृष्ठभागावर जमलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे सुजेच्या जागी येणाऱ्या पांढऱ्या पेशींची नुसती सावली असू शकते. म्हणून ‘लेयर्ड पॅटर्न’ (वरचं तिसरं, थरांचं चित्र) असं लिहिलं की लगेच ‘चरबी भरली’ असा अर्थ लावू नका. चित्र, स्टेंटचं वय, रुग्णाचा त्रास आणि मधुमेह-कोलेस्टेरॉल हे सगळं एकत्र ठेवून आम्ही अंदाज बांधतो, आणि तो अंदाजच असतो.

आता माझ्या कामातली एक जोडी सांगतो, म्हणजे हा खर्च का करायचा ते समजेल. परळीकडचे एक गृहस्थ आणि जालन्याकडच्या एक बाई, दोघांचीही अँजिओ समोरासमोर ठेवली तर फरक सांगता येऊ नये इतकी सारखी: एलएडी, औषधी स्टेंट, मधोमध आखूड अडथळा. गृहस्थांच्या ओसीटीत आतला थर जेमतेम पातळसा निघाला. अडचण जाळीच्या बाहेर होती. जुन्या धमनीला कॅल्शियमचं कडं होतं आणि जाळी त्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून दबलेलीच राहिली होती. त्या अरुंद गळ्यात थोडासा थर चढला तरी वाट बंद होणार, तशी ती झाली. बाईंची जाळी मात्र छान उघडलेली, भिंतीला नीट टेकलेली, आणि आत मऊ चरबीचा गाभा, वर पातळ आवरण. पहिल्या रुग्णाला आणखी एक स्टेंट बसवला असता तर तोही त्याच गळ्यात अडकला असता. तिथे आधी जास्त दाबाच्या कडक फुग्याने जाळी उघडावी लागली. बाईंच्या ठिकाणी तोच दाब लावला असता तर चरबीचे कण फुटून पुढच्या बारीक वाहिन्यांत जाण्याची भीती होती. अँजिओच्या चित्रावर विसंबलो असतो तर दोघांना एकच उपचार झाला असता.

जाळी कमी उघडलेली असणं हे कारण मी मुद्दाम ठळकपणे सांगतोय, कारण रुग्णाला ‘शरीराने मांस वाढवलं’ एवढंच सांगितलं जातं. स्टेंटच्या आतलं सर्वांत अरुंद क्षेत्रफळ आयव्हसवर साधारण ५ ते ५.५ आणि ओसीटीवर ४.५ चौरस मिलिमीटरच्या खाली असेल तर पुन्हा अडथळ्याचा धोका वाढतो, असं मानलं जातं. धमनी मुळातच बारीक असेल तर हे आकडे तसेच लावता येत नाहीत. जाळीची तार तुटणं हेही एक कारण. वाकडीतिकडी, प्रत्येक ठोक्याला दुमडणारी उजवी धमनी असेल तर ते जास्त दिसतं. आणि कधी जाळीचं टोकच आजारी भागात आलेलं असतं, मग कडेला अडथळा येतो. औषधी स्टेंटमधला अडथळा आखूड आणि टोकाशी असण्याची शक्यता जास्त. साध्या स्टेंटमध्ये तो लांबच लांब भरलेला असायचा.

इथवरचं दोन वाक्यांत: अडथळा किती हे अँजिओ सांगते, का ते सांगत नाही, आणि उपचार ‘का’वरून ठरतो. आता त्या उपचाराकडे येऊ.

जाळी दबलेली निघाली तर ती उघडणं पहिलं. कडक फुगा, गरज पडल्यास धक्कालहरींचा फुगा. ती उघडत नसेल तर आत दुसरी जाळी घालू नये, यावर मी ठाम आहे. जाळी चांगली आणि आत एकजीव थर असेल तर खाचा पाडणाऱ्या फुग्याने तो थर कापून औषध लावलेला फुगा दोन-एक मिनिटं दाबून धरायचा. धातूचा नवा थर न वाढवता काम होतं. निओअथेरोस्क्लेरोसिस असेल, विशेषतः आवरण फाटलेलं किंवा आजार टोकाबाहेर पसरलेला असेल, तर मी बहुतेक वेळा नवीन औषधी स्टेंटकडे झुकतो. औषधी स्टेंटच्या आतल्या अडथळ्यात पुन्हा त्रास न होण्याच्या हिशेबाने नवा स्टेंट औषधी फुग्यापेक्षा थोडा सरस ठरलाय, हे खरं. पण वडिलांना पुढे पोटाचं ऑपरेशन करायचं असेल, रक्तस्रावाचा त्रास असेल किंवा तिथून मोठी उपशाखा निघत असेल, तर माझा कल फुग्याकडे जातो. तिथे आधीच दोन जाळ्या एकात एक असतील तर तिसरी घालण्यापेक्षा फुगा किंवा बायपास. आणि मधुमेह, तिन्ही धमन्यांत आजार, त्यात हा लांब अडथळा, असं असेल तर टेबलावरच निर्णय न घेता सर्जनसोबत बसून बायपासचा विचार व्हायला हवा.

सगळ्यांनाच ओसीटी लागते का? नाही. अडथळा ५० ते ७० टक्क्यांच्या मधला असेल आणि त्रास नक्की यानेच आहे का ही शंका असेल, तर आधी दाब मोजणारी तार, म्हणजे एफएफआर, जास्त उपयोगाची. मूत्रपिंड कमजोर असेल तर मी आयव्हसकडे वळतो, कारण ओसीटीला रक्त बाजूला सारण्यासाठी जादा रंग सोडावा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रुग्ण सहा तास एसटीने उन्हातून येतो, पाणी प्यालेला नसतो, आणि तसाच टेबलावर झोपतो. अशा वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय आणि सलाईन लावल्याशिवाय मी पुढे जात नाही. तुमच्या वडिलांना मधुमेह जुना आहे, म्हणून ही तपासणी तुम्हीच आठवणीने विचारा. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी कुठली थांबवायची तेही. आणखी एक: बऱ्याच कॅथलॅबच्या (अँजिओ करतात त्या खोलीच्या) यंत्रात फुग्याच्या खुणांच्या आधारे जाळी ठळक करून दाखवण्याची सोय असते. ती बिनखर्ची आहे आणि जाळी दबलीय किंवा तुटलीय हे बऱ्यापैकी दाखवते. ओसीटी परवडत नसेल तर निदान तेवढं करायला सांगा. सीटी अँजिओवर मात्र फार विसंबू नका. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंटमध्ये धातूची चमक आतलं काही दिसू देत नाही.

खर्चाबाबत: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं काम होत असेल तर ओसीटीचं साहित्य त्यात धरलं जाईल की वेगळं भरावं लागेल, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारून घ्या. पुण्या-मुंबईला नेऊ का, असंही तुम्ही लिहिलंय. नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथे अँजिओप्लास्टी रोज होते. गावापेक्षा तिथे आतून पाहण्याचं साधन आहे का, ते वाचणारा माणूस आहे का, आणि गरज पडली तर कॅल्शियम फोडण्याची सोय आहे का, हे विचारा. तिन्हींचं उत्तर हो असेल तर घरापासून लांब जाण्याचं कारण मला दिसत नाही.

जाताना जुनी सीडी आणि डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेलं स्टेंटचं स्टिकर घेऊन जा. त्यावर लांबी आणि व्यास असतो. ओसीटीत दिसलेला आकार त्या व्यासाशी ताडला की जाळी किती दबली ते लगेच कळतं. सीडी बहुतेक घरांत पोथीच्या कपाटात सापडते आणि नेमकी त्याच दिवशी उघडत नाही. म्हणून आधीच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

या सगळ्याच्या आधी आणि नंतरही औषधं. चरबीचा थर असेल तर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, हा जोडउपचार नसून मुख्य उपचार आहे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली आणायचं, फक्त ‘नॉर्मल’ लिहून आलं म्हणून थांबायचं नाही. ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणून उन्हाळ्यात रक्त पातळ करणारी गोळी बंद करणारे पुष्कळ भेटतात. वडिलांनी तसं केलंय का ते न रागावता विचारून घ्या, आणि उत्तर डॉक्टरांना खरं सांगा. मिश्री आणि तंबाखूबद्दलही तेच.

आणि तारखेची वाट पाहताना बसल्याजागी दडपण आलं, घाम फुटला, किंवा चालण्याचं अंतर दिवसागणिक कमी होऊ लागलं, तर ठरलेली तारीख विसरा. स्टेंटमधला अडथळा नेहमी सावकाशच वाढतो असं नाही. बरेच रुग्ण थेट अटॅकच्या उंबरठ्यावर येतात. १०८ ला फोन करा आणि कॅथलॅब असलेल्या जवळच्या ठिकाणी न्या, स्टिकर आणि सीडी नंतर कोणी आणेल.